पान कोठे आहे?



या पंचक्रोशीला यंत्रे नवी नाहीत. 1910 साली कुंडलशेजारी किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर वापरणाऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे की, यंत्र घेणे सोपे, राखणे कठीण. आज उसाची नोंद, काट्यावरचे वजन, पतसंस्थेतील ठेवी ही माहिती संगणकातील डेटाबेसमध्ये असते. तोही राखावा लागतो. कसा राखावा हे लिहिलेलेही असते. नवख्याला मात्र ते पान सापडत नाही, आणि त्याची झळ सभासदांना बसते.

पोस्टग्रेसचेच उदाहरण घेऊ. हा विनामूल्य डेटाबेस जगभर वापरला जातो. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात 1986 साली त्याचे काम सुरू झाले. त्याचे माहितीपुस्तक विस्तृत आहे. पहिल्या भागात तोंडओळख, दुसऱ्यात माहिती भरण्याची व काढण्याची भाषा, आणि तिसऱ्यात चालकाची कामे : सेटिंग, देखभाल, राखीव प्रती. नवखा मनुष्य दुसऱ्या भागापर्यंत येतो, त्याचे काम चालू लागते, आणि तो पुस्तक मिटतो. अडचणीच्या रात्री लागणारी पाने पुढेच राहून जातात.

याचा परिणाम काय होतो? कोणताही बदल पोस्टग्रेस आधी रोजकीर्दीसारख्या फायलींत टिपतो, मग खतावणीत नेतो. मध्येच वीज गेली तर या रोजकीर्दीवरूनच हिशेब पुन्हा जुळतो. या फायलींच्या कप्प्याच्या नावात पूर्वी ‘लॉग’ हा शब्द होता. डिस्क भरली की काही चालक तो कप्पा म्हणजे जुन्या निरोपांचा कचरा समजून पुसून टाकीत, आणि डेटाबेस उघडेनासा होई! माहिती पुस्तकात होती, पण घाईत पुस्तक कोण चाळतो? अखेर 2017 साली, दहाव्या आवृत्तीत, कर्त्यांनी ते नावच बदलले. पाटी चुकीची असेल तर वाटसरूला दोष देऊन भागत नाही, हे त्यांनी ओळखले.

म्हणून नवख्याला आम्ही तीन खुणा सांगतो. आपली आवृत्ती कोणती ते आधी पाहावे; प्रत्येक आवृत्तीचे पुस्तक वेगळे असते. ‘शो कॉन्फिग_फाइल’ ही आज्ञा दिली की सेटिंगची फाइल कोठे आहे ते समजते. आणि पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या भागातील राखीव प्रती व नित्य देखभाल ही दोन प्रकरणे वाचून, घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे बी न तपासता पेरणे होय.

जाणत्यांनाही एक विनंती आहे. कोणी विचारले तर उपाय सांगाच, पण तो ज्या पानावर आहे ते पानही दाखवा. नुसत्या उपायाने आजची अडचण टळेल. पान दाखवले तर पुढच्या वेळी तोच दुसऱ्याला वाट दाखवील. सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?