रोमन माणसाची सवड
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



निवृत्त झाल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "मग, वेळ कसा जातो?" विचारणाऱ्याच्या सुरात काळजी असते, थोडी कीवही असते. काम संपले की माणूस रिकामा झाला, असे आपण धरून चालतो. प्राचीन रोममध्ये हा हिशेब उलटा होता.

लॅटिन भाषेत सवडीला 'ओटियम' म्हणत. आणि कामधंद्याला 'नेगोटियम', म्हणजे जिथे ओटियम नाही ते. मूळ शब्द सवडीचा. कामाचा शब्द त्याला नकार जोडून झालेला.

रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे 12 तास करत. त्यामुळे उन्हाळ्यातला तास मोठा आणि हिवाळ्यातला लहान. सकाळी कामे उरकायची आणि दुपारी सार्वजनिक स्नानगृह गाठायचे. तिथे गरम, कोमट आणि थंड पाण्याची दालने, व्यायामाचे अंगण आणि भरपूर गप्पा. शुल्क अगदी किरकोळ, म्हणून साधा माणूसही येई.

श्रीमंतांची सवड शहराबाहेर असे. धाकट्या प्लिनीचे समुद्राकाठचे घर रोमपासून 17 रोमन मैलांवर, म्हणजे सुमारे 25 किलोमीटरवर होते. दिवसाचे काम आटोपून तिथे मुक्कामाला जाता येते, हे तो पत्रात कौतुकाने सांगतो. सारे शहर रथांच्या शर्यतीत दंग असताना आपण वाचण्या-लिहिण्यात दिवस घालवले, असेही तो लिहितो.

पण मोकळा वेळ मिळाला म्हणजे सवड मिळाली का? तत्त्वज्ञ सेनेकाला तसे वाटत नव्हते. न्हाव्यापुढे तासन्‌तास बसून एकेका केसाची चर्चा करणारे लोक त्याच्या मते रिकामपणातही गुंतलेलेच. उलट, निवृत्तीत अभ्यास आणि चिंतन करणारा माणूस आपल्या नगरापेक्षा मोठ्या, साऱ्या मानवजातीच्या समाजाची सेवा करतो, असे त्याचे म्हणणे होते.

हे ऐकून मला फार बरे वाटले होते. मग दुसरी बाजू वाचली. स्नानगृहाचे पाणी गरम राहावे म्हणून खाली भट्टीत लाकडे सारत गुलाम राबत. प्लिनी आणि सेनेका, दोघांच्याही घरी गुलाम होते. डिसेंबरातल्या सॅटर्नेलिया उत्सवात गुलामांना मोकळीक मिळे, काही घरांत मालकच त्यांना जेवू वाढत. उत्सव सरला की पुन्हा कामाला जुंपायचे.

त्या भट्टीबद्दल वाचले त्या दुपारी माझ्या हातात आयता चहा आला. चाळीस वर्षे तो तसाच येत होता. आता दुपारचा चहा मी करतो. तो फारसा जमत नाही. पण तेवढ्या वेळात आमची सौ. निवांत पेपर वाचते.