पेटीतल्या वह्या



स्मरणिकेचं काम हाती घेतलं तेव्हा कॉलेजात इतिहास शिकणाऱ्या आपल्याच गावच्या पोरांनी आम्हाला विचारलं, "दिंडीला शंभर वर्षं झाली, हे कशावरून?" काही वडीलधाऱ्यांना राग आला. आमच्या मते प्रश्न रास्त होता. आजोबांनी सांगितलं, हे उत्तर आपल्याला पुरतं. पण पुस्तकात छापायचं म्हणजे आजोबांना कोणी सांगितलं, तेही पाहावं लागतं.

ज्या काळातली गोष्ट, त्याच काळात, तिथे असलेल्या माणसाने लिहिलेला कागद किंवा कोरलेलं अक्षर, याला इतिहासवाले मूळ साधन म्हणतात. मग शोध सुरू झाला. एका जुन्या विणेकऱ्यांच्या घरी माळ्यावर लोखंडी पेटी निघाली. आत जमाखर्चाच्या वह्या, सगळ्या मोडीत. पहिल्या वहीत आषाढाचा खर्च: बैलांना कडबा आणि पेंड, कंदिलाचं तेल, टाळांच्या दोऱ्या. वर साल, संवत 1982.

एका पोराने तिथल्या तिथे 57 वजा केले आणि 1925 साल काढलं. म्हणजे शताब्दी गेल्या वर्षीच सरली! पण दिंडीच्या पितळी घंटेवर शके 1848 कोरलेलं आहे. शकात 78 मिळवले की येतं 1926. आता खरं कोणाचं, वहीचं की घंटेचं? दोन दिवस पारावर हाच विषय होता.

दोन्ही खरी निघाली. वही लिहिणारे दुकानदार होते. व्यापाऱ्यांचं संवत चैत्रात बदलत नाही, दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. म्हणून दिवाळीपासून डिसेंबरअखेर 57 वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत 56. आषाढ पडतो जुलैच्या आसपास. 1982 मधून 56 गेले, 1926 उरले. वही कोणी लिहिली हे ठाऊक नसतं, तर नुसत्या आकड्याने आपल्याला एक वर्ष मागे नेलं असतं.

त्याच 1926 च्या डिसेंबरात, 31 तारखेला, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात गेले. आपल्या गावापासून धुळं किती लांब? गाडीने तासाभराचा रस्ता. या माणसाने गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं मिळवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे 22 खंड छापले. पहिला खंड 1898 चा. बखरीपेक्षा त्या वेळच्या मूळ पत्राला ते जास्त मान देत. त्यांच्या मागे 1927 साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी पोथ्या जमवल्या, त्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. आपण धुळ्याला बाजाराला जातो, कोर्टात जातो, दवाखान्यात जातो. एकदा इथेही जाऊन यावं.

कुणी म्हणेल, हे पंडितांचं काम, वारकऱ्याला काय त्याचं? पण शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले चुकीचे पाठ काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. राजवाड्यांनीही 1909 मध्ये एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती नाथांच्याही आधीची, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद झाले, वारकरी नाथांच्या प्रतीलाच धरून राहिले. पण प्रत प्रतीशी लावून पाहायची, हे काम आपल्या संप्रदायाला नवं नाही.

आता अडचणीचं बोलतो. पेटी सापडली त्या घरच्यांच्या मनात वह्या सावळद्याच्या पुलाजवळ तापीत सोडायच्या होत्या. प्रत्येक पानाच्या माथ्यावर विठ्ठलाचं नाव आहे, रद्दीत कशा घालायच्या? भावना खरी आहे, आम्ही तिला हात जोडतो. पण तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली म्हणून आपली वही तापीत तरेल, असं धरून चालू नका. जीर्ण कागद मांजरपाटाच्या धुऊन वाळवलेल्या कापडात गुंडाळा, ओल लागू देऊ नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उजेडात पानापानाचा फोटो घ्या, आणि कोणाच्या घरचं, कोणत्या दिवशी पाहिलं, हे शेजारी लिहा. मूळ वही ज्याची त्याच्याच घरी राहील.

वहीत सगळं सापडत नाही, हेही खरं. कडब्याचा पैसा न् पैसा आहे, पण तळावर शंभर माणसांच्या भाकरी थापणाऱ्या बायांचं एक नाव नाही. ती नावं म्हाताऱ्या आज्यांकडेच मिळतील. त्या अहिराणीत सांगतील, तर अहिराणीतच लिहून घ्या, पुस्तकी करू नका. आणि पंगत कशी बसायची, कोणाला वेगळं बसवायचे, हेही विचारा. विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून अंमळनेरला पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण केलं. त्या सालात आपली दिंडी काय बोलत होती? उत्तर गोड नसलं तरी छापू, असं आमचं ठरलं आहे.

2020 आणि 2021 ला पायी वारी झाली नाही. त्या दोन वर्षांची वही कोणी लिहिलेली नाही. पण घरात बसून केलेल्या हरिपाठाचे फोटो, एकमेकांना पाठवलेले निरोप तुमच्या मोबाइलात पडून आहेत. फोन बदलण्याआधी ते काढून द्या.

पोरं येत्या द्वादशीपासून घरोघर येणार आहेत. चहा नाही दिला तरी चालेल, माळ्यावरची पेटी तेवढी खाली काढून ठेवा.