सासूबाईंचा डबा

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचलेले भाषण)



मला कार्यकारिणीने 'घरच्या घरी काही उपयुक्त' यावर बोलावयास सांगितले. मी विदुषी नव्हे; तेव्हा एका चुकीपासूनच सुरुवात करते.

आमच्याकडे लाडवांचा एक स्टीलचा डबा आहे. सासूबाईंनी तो बोहारणीकडून जरीच्या साडीवर घेतला आणि झाकणावर आपले नाव व १९६८ हे साल घालून घेतले. गेल्या दिवाळीत त्या झाकणाला करपलेला पाक चिकटला. मी तारेची घासणी घेतली आणि गोल गोल घासले! पाक गेला, आरशासारख्या झाकणावर ओरखड्यांचे जाळे उरले. चार दिवसांनी त्यात तांबूस ठिपके दिसू लागले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. डबा तेवढा मागच्या फळीवर गेला.

स्टील गंजले कसे, हे मला तेव्हा कळेना. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन वर एक अदृश्य पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. गंजले होते ते स्टील नव्हे, साध्या लोखंडी तारेचे कण त्यात रुतून बसले होते, ते! लिंबाचा रस लावून, थोड्या वेळाने धुऊन पुसल्यावर ठिपके गेले. ओरखडे कसे जाणार?

आरशाची चकाकी घरी परत येत नाही, त्याला मशीन लागते. पण एका दिशेच्या बारीक रेघांचा मंद पोत, ज्याला दुकानदार मॅट म्हणतात, तो हाताने आणता येतो. पहिला प्रयोग मी जुन्या ताटाच्या पाठीवर केला, आणि तुम्हीही तसाच करा.

हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात चालणारा पॉलिश पेपर आणावा. आकडा मोठा तितका कागद मऊ. ओरखडे खोल म्हणून मी २४० ने सुरुवात केली, मग ३२०, आणि शेवटी भांड्यांची हिरवी घासणी. लोखंडावर वापरलेला कागद मात्र घेऊ नये. कागद लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळावा, नाहीतर बोटांच्या दाबाने खळगे दिसतात. साबणाचे पाणी घालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढावे, तेथे हात उचलावा, पुन्हा पहिल्या कडेवरून. मागे-पुढे नको, गोल तर मुळीच नको! दिशा चुकू नये म्हणून मी ओट्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. दाब हलकाच असावा. कंटाळा येतो, हेही सांगून ठेवते. माझ्या दोन दुपारी गेल्या. भांड्याच्या आतल्या बाजूस हे करू नये, खडबडीत पृष्ठाला अन्न धरते.

पण नावाचे काय? ते ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले, जेमतेम खोल. वरून कागद फिरला की अक्षरे पुसट होणार, आणि ओरखडे नेमके तेथेच दाट. शेवटी मी झाकण घेऊन सासूबाईंकडेच गेले. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले व म्हणाल्या, "नाव राहू दे. तेवढ्यातले चरेही राहू देत, तुझी आठवण म्हणून!" आणि हसल्या. दिवाळीनंतर त्या प्रथमच त्या विषयावर बोलल्या.

नावावर चिकटपट्टी लावून मी बाकीचे झाकण पुरे केले. आता मधे एक चकचकीत, चरे पडलेली पट्टी आहे आणि भोवती मंद रेघा. डबा पुढच्या फळीवर आला आहे.

चहानंतर मागच्या खोलीत मी हे करून दाखवणार आहे. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी घरून एखादे जुने झाकण आणावे. नाव घातलेले मात्र आणू नये.