इमारती ‘अकस्मात’ का कोसळतात?
(रसायनी येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

इमारत कोसळली की वृत्तपत्रांत ‘अकस्मात’ हा शब्द हमखास येतो. तो अर्धसत्य आहे. कोसळण्याची क्रिया क्षणाची असते. तिची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते. काँक्रीटच्या छिद्रांतून हवा व पाणी आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट तडकवते. कोकणातला पाऊस या कामाला हातभारच लावतो. एक खांब निकामी झाला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर येतो. त्यांच्यात तेवढे बळ नसेल तर सारे संपते.

परंतु गंजाला आरोपी ठरवून थांबता येत नाही. याच रायगड जिल्ह्यात, महाडला, २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मेली. ती जेमतेम दशकभराची होती. मुंब्र्यास ४ एप्रिल २०१३ रोजी पडलेल्या अनधिकृत इमारतीचे तर काम अजून चालूच होते; तेथे ७४ बळी गेले. हे म्हातारपणाचे मरण नव्हे.

घर ही विलक्षण वस्तू आहे. फरशी, रंग, नळ गिऱ्हाईक पारखून घेते. सळईची जाडी, सिमेंटचे प्रमाण, काँक्रीटवर किती दिवस पाणी मारले, हे त्याला कधीच दिसत नाही. नफ्यासाठी काटछाट करायची तर ती या अदृश्य भागातच होणार. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर टाकली खरी, पण ताबा दिल्यापासून पाचच वर्षे. कर्जाचे हप्ते मात्र वीस वर्षे चालतात!

मालकी सार्वजनिक असली की प्रश्न सुटतो, असे आपल्यापैकी कोणी समजू नये. मुंबईत डॉकयार्ड रोडला २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळलेली इमारत महापालिकेचीच होती, आणि मेलेल्या ६१ जणांत तिच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे होती.

१९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स रसायनीत उभी राहिली, तिच्यासोबत कामगारांची वसाहतही आली. डागडुजी कारखान्याच्या खात्यावर होती. आज पाताळगंगेच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार मोहोपाड्याच्या आसपास भाड्याने राहतो किंवा कर्ज काढून सदनिका घेतो. भिंतीला तडा गेल्यास विचारायचे कोणाला, हे त्याला ठाऊक नसते. काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून त्यांची ताकद मोजतात. त्या चाचणीचे अहवाल आणि खांबांचे नकाशे प्रत्येक नव्या इमारतीच्या दर्शनी भागी लावावेत, ही मागणी येथील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मांडावी आणि तिचा ठराव लेखी करून घ्यावा.