दात मोजा, कड्या मोजा

(खांदेश्वर येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मी काही गुरुजी नव्हे. मी मोटारसायकली दुरुस्त करणारा माणूस. खांदेश्वराचे देऊळ आणि त्याचे तळे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्या रेल्वे स्टेशनलाही त्याच देवाचे नाव आहे. तिथून जवळच माझे छोटे गॅरेज आहे.

तुम्ही या वर्गात आकडे शिकलात. ते आकडे बाजारात कामाला येतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण तेच आकडे माणसाचे हातपायही वाचवतात. ते कसे, हे आज सांगतो. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

धोदाणीकडून एक दूधवाला माझ्याकडे यायचा. गाडी शंभर सी.सी.ची. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. ऐंशी लिटर दूध म्हणजे ऐंशी किलोंच्या वर वजन. तो म्हणाला, "दादा, चढाला गाडी दम टाकते. काहीतरी करा." मी म्हणालो, "मागचे स्प्रॉकेट मोठे टाकू."

स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चाक. गॅरेजात त्याला 'स्पॉकेट' म्हणतात. एक छोटे, ते पुढे इंजिनापाशी असते. एक मोठे, ते मागच्या चाकाला असते. दोघांवरून चेन फिरते.

त्याच्या गाडीला पुढे १४ दात होते, मागे ४२. मी मागे ४६ दातांचे चाक बसवले. आता चेन आखूड पडली. नव्या चेनचे पैसे वाचावेत, म्हणून मी दुसऱ्या जुन्या चेनचा तुकडा तिला जोडला. गाडी चालली. तो खूश झाला. मीही खूश झालो.

पंधरा दिवसांनी ती जोडलेली चेन उतारावर तुटली. तुटलेली चेन मागच्या चाकात अडकली. चाक जागच्या जागी थांबले. दूध रस्त्यावर सांडले. त्याचा हात मोडला. दीड महिना तो हात गळ्यात बांधून होता. चूक त्याची नव्हती. माझी होती. मी दात मोजले, पण कड्यांचा हिशेब केला नाही.

आता हा हिशेब नीट पाहू.

पुढे १४ दात, मागे ४२ दात. १४ त्रिक ४२. म्हणजे पुढचे चाक तीन वेळा फिरले की मागचे एकदा फिरते. मागचे चाक जितके मोठे, तितके ते सावकाश फिरते आणि तितकी ओढ वाढते. आपण घाट चढताना काय करतो? लांब ढांगा टाकत नाही. लहान लहान पावले टाकतो. पावले जास्त पडतात, पण चढ झेपतो. गाडीचेही तसेच आहे.

पण ओढ फुकट मिळत नाही. ४२ दात असताना गाडी ताशी ६० किलोमीटर जायची. आता ४६ दात आहेत. इंजिन तेवढेच फिरले तर गाडी सुमारे ५५ जाईल. पुन्हा ६० ला जायचे, तर इंजिन जास्त फिरवावे लागेल. मग ते ओरडेल आणि पेट्रोलही जास्त पिईल. ज्याला रोज सपाट रस्त्याने मुंबईला जायचे आहे, त्याने मोठे चाक कशाला घालावे?

दुसरी गोष्ट. ओढ वाढली म्हणून ब्रेक वाढत नाहीत. इंजिनाची ताकदही वाढत नाही. तेव्हा 'आता अजून एक कॅन लादू' असे मनात आणू नका.

काही जण मागचे चाक तसेच ठेवतात आणि पुढचे लहान करतात. पुढचा एक दात कमी केला, तर मागे सुमारे तीन दात वाढवल्यासारखे होते. काम स्वस्तात होते. पण लहान चाकावर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते.

आता चेनकडे वळू. अशी चेन इंग्लंडात मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली केली. पुढे सायकलींना तिचा फार उपयोग झाला. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले होते. मोठमोठे कारखाने त्यानंतर झाले. म्हणजे हा धंदा काही हलका नाही.

चेनच्या पट्टीवर आकडा कोरलेला असतो. तो इंग्रजी अंकांत असतो. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. यातला पहिला आकडा सूत सांगतो. हे सूत म्हणजे सुताराचे सूत. आठ सुतांचा एक इंच. ४ म्हणजे एका पिनीपासून दुसऱ्या पिनीपर्यंत चार सूत, म्हणजे अर्धा इंच. ५२० नंबरच्या चेनमध्ये हेच अंतर पाच सूत असते. पुढचे दोन आकडे रुंदीचे. ४२० ची चेनही चार सुतांची, पण ती अरुंद. ४२८ च्या जाड दातांवर ती बसायची नाही. म्हणून चेन आणि दोन्ही दातेरी चाके एकाच नंबरची हवीत.

आता कड्या मोजू. एक पिन ते पुढची पिन ही एक कडी. एक आतली कडी, एक बाहेरची कडी, अशी त्यांची जोडी असते. म्हणून चेनच्या कड्या सम संख्येत असतात. ११२, ११४, ११६ अशा.

चेन प्रत्येक दातेरी चाकाला साधारण अर्धा वळसा घालते. म्हणून मागे दोन दात वाढवले, की चेन एक कडी जास्त मागते. चार दात वाढवले, की दोन कड्या. दूधवाल्याची चेन ११२ कड्यांची होती. चार दात वाढले, म्हणजे ११४ कड्यांची अख्खी नवी चेन हवी होती. मी तुकडा जोडला, तिथेच चुकलो.

मग दोनच दात वाढवले तर? एक कडी जास्त हवी. पण एक कडी एकटी जोडता येत नाही. अशा वेळी मागच्या चाकाचा एक्सल खाचेत दोन सूत पुढे सरकवावा लागतो. खाचेत तेवढी जागा आहे ना, टायर कुठे घासत नाही ना, हे आधी पाहा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. नाहीतर चाक तिरके बसते.

चेन जुनी झाली का, हे कसे ओळखावे? एक पिन पहिली धरा. तिथून एकविसाव्या पिनीपर्यंत पट्टीने मोजा. चेन ताणून मोजा. मध्ये २० कड्या येतात. ४२८ ची नवी चेन असेल तर बरोबर १० इंच भरते. एक सूत जास्त भरली, तर चेन बदला. नव्या दातांवर जुनी चेन घालू नका. जुन्या दातांवर नवी चेनही घालू नका. एक झिजलेले असले, की ते दुसऱ्याला खाते. तिन्ही वस्तू एकदम बदला.

चेनला सांधणारे लॉक असेल, तर त्याची पट्टी माशासारखी दिसते. एक टोक बंद, ते डोके. एक टोक फाटलेले, ती शेपटी. मासा डोक्याकडून पुढे जातो. चेन ज्या बाजूला धावते, त्या बाजूला डोके ठेवा. उलटे बसवले, तर लॉक निघून पडायची भीती.

शेवटी चेन किती सैल ठेवायची, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. पुष्कळ साध्या गाड्यांत ती मध्यभागी सुमारे इंचभर खालीवर हलावी लागते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी तपासा. इंजिन मात्र बंद ठेवा. चालत्या चेनमध्ये बोटे गेली, तर परत येत नाहीत.

भगिनींनो, हे तुमच्यासाठी. मोठे चाक बसवले, की कधीकधी चेनवरचे झाकण घासते. मग काही मेकॅनिक ते काढूनच टाकतात. तसे करू देऊ नका. मागे बसलेल्या बाईचा पदर चेनमध्ये गेला, तर काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. झाकण लावल्याशिवाय गाडीवर बसू नका. घरधन्यालाही तसे सांगा.

तो दूधवाला आजही माझ्याकडे येतो. हात बरा झाल्यावर मी त्याला नवी चेन आणि नवी दातेरी चाके माझ्या पैशाने बसवून दिली. मी बसवत होतो, तो शेजारी बसून कड्या मोजत होता. बोट ठेवून, मोठ्याने. तो ११४ म्हणाला, तेव्हा मी लॉक लावले.

तुम्हीही असेच करा. गॅरेजात लाजू नका. मेकॅनिक कितीही शहाणा असो, आधी दात मोजा. मग कड्या मोजा. आणि पैसे सगळ्यांत शेवटी मोजा.