गावाशेजारचा डोंगर
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील एखाद्या प्रेक्षणीय स्थळाविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. अमेरिकेचे नाव निघाले की नायगाराचा धबधबा आणि न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्यांचे वर्णन आम्ही करणार नाही. आज आपल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी ते पाहून आलेला आहे आणि त्याची छायाचित्रे आपण सर्वांनी सोशिकपणे पाहिलेली आहेत. आम्ही बोलणार आहोत ते एका डोंगराविषयी. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेस फ्रीमाँट नावाचे शहर आहे. तेथे भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी असून आपल्या ज्ञातीतील मुलेही नोकरीनिमित्त त्या भागात आहेत. त्या शहराच्या अगदी पाठीशी उभा असलेला हा डोंगर म्हणजे मिशन पीक. १७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी त्याच्या पायथ्याशी मिशन सॅन होजे हा मठ स्थापन केला, त्यावरून त्यास हे नाव पडले. त्याच्याही कितीतरी पूर्वीपासून त्या भूमीवर ओलोनी लोकांची वस्ती होती.

डोंगराची उंची सुमारे २,५०० फूट. स्टॅनफर्ड ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्याच्या टोकाशी चढण सुरू होते आणि साधारण तीन मैलांच्या वाटेत दोन हजार फुटांहून अधिक चढावे लागते. आतकरवाडीहून सिंहगड चढणाऱ्यांस श्रमाची कल्पना सहज येईल. चढ जवळपास तेवढाच, वाट मात्र लांब आणि रुंद, कारण ती मुळात वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी राखलेली आहे. वाटेवर सावली जवळजवळ नाही आणि पिण्याच्या पाण्याची सोय वर कोठेही नाही. उन्हाळ्यात गवत वाळून संपूर्ण डोंगर सोनेरी होतो. पावसाळा तिकडे हिवाळ्यात येतो आणि मग तोच डोंगर आपल्या श्रावणातल्या मावळासारखा हिरवागार दिसतो. उतारांवर गाईगुरे चरत असतात. ती कोणाची मोकाट सुटलेली जनावरे नव्हेत. वाळके गवत फार माजू नये आणि वणव्यास फार इंधन मिळू नये म्हणून चराईची तेथे रीतसर योजना आहे. एखादी गाय वाटेच्या मधोमध उभी राहिली म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांतील अभियंते ती बाजूस होईपर्यंत निमूटपणे थांबतात, हे दृश्य आम्हांस फार आवडले.

शिखरावर १९९० साली एका उद्यानरक्षकाने रोवलेला एक खांब आहे. त्यात नळ्या बसविलेल्या असून एकेका नळीतून दूरचे एकेक स्थळ न्याहाळता येते. रविवारी सकाळी त्या खांबाशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्यासाठी रांग लागते. त्या रांगेत मराठी, गुजराती, तेलुगू, चिनी, स्पॅनिश अशा अनेक भाषा कानांवर पडतात. कोणी कोणास आडनाव विचारीत नाही. फार तर "पाणी आहे का?" एवढेच विचारतो.

आता हा डोंगर राष्ट्रीय उद्यान नव्हे, ही गोष्ट लक्षात घ्यावी. योसेमिटी हे राष्ट्रीय उद्यान. तेथे माणूस वर्षातून एकदा सामानसुमान बांधून जातो. मिशन पीक हे प्रादेशिक उद्यानांपैकी एक आहे. प्रादेशिक उद्यान म्हणजे गावाशेजारचे रान. सकाळी जावे आणि दुपारच्या जेवणाला घरी यावे, इतके ते जवळ असते. त्या भागातील दोन जिल्ह्यांत मिळून अशी सत्तरांहून अधिक उद्याने आहेत. त्यांचे क्षेत्र सुमारे सव्वा लाख एकर भरते आणि पायवाटांची लांबी बाराशे मैलांहून अधिक आहे. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी फ्रीमाँटमध्येच खाडीच्या काठी कायोटी हिल्स आहे. तेथे टेकड्यांना वळसा घालणारी डांबरी वाट आहे, दलदलीत पाणपक्षी उतरतात आणि गुडघे धरलेल्या वडीलमंडळींसही नातवंडांबरोबर हिंडता येते.

एवढी जमीन सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या त्या प्रदेशात मोकळी कशी राहिली, याची आम्हांस प्रथमपासून जिज्ञासा होती. तिचे उत्तर सांगण्यासाठीच आजचा विषय आम्ही निवडला. १९२० नंतरच्या दशकात तेथील पाणीपुरवठा मंडळाने दूरच्या मोकलमी नदीचे पाणी शहरांना आणले. त्यामुळे जवळच्या डोंगरांवरील, पाणलोटासाठी राखलेली पुष्कळ जमीन त्या मंडळास अनावश्यक झाली. ती विकली जाऊन तिच्यावर घरे उठणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा नागरिक एकत्र आले. १९३० साली ओल्मस्टेड बंधूंची नामांकित संस्था आणि ॲन्सेल हॉल यांनी त्या डोंगरांचा अहवाल सिद्ध केला. १९३३ साली कायदा झाला आणि नोव्हेंबर १९३४ मध्ये मतदान झाले. ते साल कोणते होते? जागतिक मंदीचे. बँका बुडालेल्या, कारखाने थंडावलेले, लक्षावधी माणसे बेकार. अशा वेळी मतपत्रिकेवरील प्रश्नाचा अर्थ एवढाच होता की, डोंगर राखण्यासाठी तुम्ही आपल्यावर नवा कर बसवून घ्याल काय? शेकडा ७१ मतदारांनी होकार दिला.

त्या कराच्या पैशातून १९३६ साली पाणीपुरवठा मंडळाकडून दोन हजारांहून अधिक एकर जमीन किंमत मोजून विकत घेण्यात आली आणि पहिली तीन उद्याने उघडली. पायवाटा आणि दगडी बांधकामे सरकारी रोजगार योजनांवरील बेकार तरुणांनी केली. पुढे १९६४ साली शेजारच्या जिल्ह्याचा बराच भाग मंडळास जोडला गेला. १९८८ साली साडेबावीस कोटी डॉलरचे आणि २००८ साली पन्नास कोटी डॉलरचे कर्जरोखे मतदारांनी मंजूर केले. त्या दुसऱ्या वेळीही आर्थिक अरिष्ट दाराशी होते, आणि मंजुरीस दोनतृतीयांश मतांची अट होती. मंडळाचे सात संचालक लोकच निवडून देतात.

हा इतिहास ऐकून "श्रीमंत देशाची गोष्ट आहे" असे कोणी म्हणेल. १९३४ चे ते मतदार श्रीमंत नव्हते. आणि आपल्या ज्ञातीच्या ज्या पिढीने गावोगाव वर्गणी गोळा करून परगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधली, तीही श्रीमंत नव्हती. ज्यांची स्वतःची मुले तेथे कधी राहणार नव्हती अशा माणसांनी त्या वर्गण्या दिल्या.

उद्यानाची सर्वच व्यवस्था सुरळीत आहे असे चित्र आम्ही रंगविणार नाही. मिशन पीकची कीर्ती इतकी वाढली की पायथ्याच्या वस्तीतील रहिवाशांस स्वतःच्या दारात गाडी लावणे अवघड झाले. तक्रारी झाल्या, शेजारच्या रस्त्यांवर निर्बंध आले, रात्री डोंगरावर जाण्यास बंदी झाली. वळणावळणाची वाट सोडून सरळ चढणाऱ्यांच्या पायांनी उतारांवर ओघळ पडले आणि पावसात त्यांतून माती वाहू लागली. ते ओघळ बुजवून गवत पुन्हा रुजविण्यास कित्येक वर्षे लागतात. पाण्याची बाटली न घेता भर दुपारी चढणाऱ्यांस उष्णतेचा त्रास होऊन खाली आणावे लागते, तेही वारंवार घडते. अशा माणसांत आपले लोक कमी नसतात, हे सांगितलेच पाहिजे.

आता तरुण मंडळी ज्याची वाट पाहात असतील त्या सायकलीकडे वळू. मिशन पीकच्या शिखरावरून स्वच्छ दिवशी खाडीपलीकडे वायव्येस माउंट टॅमल्पायस दिसतो. माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल, हिचे जन्मस्थान तोच परिसर. तेथील काही तरुण १९७० नंतरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या, महायुद्धापूर्वीच्या सायकली मोडीतून आणून डोंगरावरून खाली सोडीत. ऑक्टोबर १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या उताराचे नाव 'रीपॅक'. उलट पायडल मारून लागणारे ब्रेक उतरताना इतके तापत की आतील ग्रीस जळून धूर होई आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी चौकट बनविली. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचे दुकान मांडले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या शर्यतीस स्थान मिळाले. मोडीतील सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे लागली.

परंतु सायकल आली आणि वाटेवर भांडणही आले. पायी चालणारा दचकतो, घोडा बुजतो, निसरड्या वळणावर चाकांनी वाट खणली जाते. त्यावर प्रादेशिक उद्यानांनी जी तोड काढली ती आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. रुंद वाटांवर सायकलीस मुभा, अरुंद पायवाटांवर फलक असेल तरच प्रवेश. वेग ताशी पंधरा मैलांच्या आत, डोक्यावर शिरस्त्राण, आणि मागून येताना घंटी किंवा आवाज. सायकलस्वाराने पादचाऱ्यास आणि घोडेस्वारास वाट द्यावी. पादचाऱ्याने घोड्यास द्यावी. म्हणजे अधिक वेगाच्या चाकाने मंद पावलासाठी थांबावयाचे. आपल्या रस्त्यांवर याच्या नेमकी उलट वहिवाट आहे, आणि तिची शिक्षा कोण भोगतो हे येथे बसलेल्या वृद्धांस विचारावे. त्या वाटांवर आम्ही पाहिले की भरधाव येणारी, बारातेरा वर्षांची मुलगी वळणावर सायकलीवरून उतरली, एका म्हाताऱ्या जोडप्यास पुढे जाऊ दिले आणि पुन्हा स्वार झाली. त्या मुलीस एकटीने डोंगरावर सायकल घेऊन जाऊ देणारे आईबापही आम्हांस त्याच वेळी आठवले. आपल्या घरांतून मुलांना ती सायकल वाढदिवसास मिळते आणि मुलींना सोसायटीच्या आवारात फिरविण्यापुरतीच मिळते.

सातासमुद्रापलीकडच्या डोंगराचे हे पुराण येथे कशासाठी, असा प्रश्न आता आपल्या मनात आला असेल. पुण्याची वेताळ टेकडी आपणांपैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. शहरातील सर्वांत उंच असलेल्या त्या टेकडीवर रोज पहाटे शेकडो माणसे चालावयास जातात. तिला भेदून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध २०२३ साली नागरिकांनी मोर्चा काढला; त्यात आपलीही काही मंडळी होती. दुसरीकडे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. त्यातील बहुतांश जमीन खाजगी मालकीची आहे. भूसंपादन वर्षानुवर्षे रखडले आहे आणि मोबदल्याचा तिढा सुटलेला नाही.

या सभागृहात दोन पक्ष बसले आहेत हे आम्ही जाणतो. काहींच्या वडिलांनी आयुष्यभराची पुंजी घालून त्या उतारांवर भूखंड घेतले आणि आज तेथे एक वीट रचता येत नाही. काहींना त्या टेकड्यांवर एक वीटसुद्धा चढलेली नको आहे. गेल्या वार्षिक सभेत हा विषय निघताच आवाज चढले आणि अध्यक्षांनी तो शहाणपणाने पुढे ढकलला. आमचे म्हणणे दोन्ही पक्षांना थोडे कडू लागेल. टेकडी मोकळी राहिलीच पाहिजे. आणि तिची किंमत एकट्या भूखंडवाल्याने भरावी हे न्यायाचे नाही. नकाशावर हिरवा रंग फासण्यास नागरिकास काही खर्च येत नाही. सकाळी तेथे फिरावयाचे, हवा चांगली म्हणून घराचा भावही वाढवून घ्यावयाचा, आणि ज्याची जमीन अडकली त्यास "समाजासाठी त्याग करा" असे सांगावयाचे, यास आम्ही निसर्गप्रेम म्हणत नाही. फ्रीमाँटच्या बाजूच्या लोकांनी डोंगर वाचविला तो किंमत मोजून, आणि ती सर्वांत वाटून घेऊन.

कोणी म्हणेल, ज्ञातिसंस्थेचा याच्याशी काय संबंध? वधूवर-मेळावा, गुणगौरव आणि वैद्यकीय मदत ही आपली कामे. टेकडी कोणा एका ज्ञातीची नाही, हे खरे. परंतु वर्गणी कशी गोळा करावी, तिचा हिशेब चोख कसा ठेवावा आणि आपल्या मुलांपलीकडे पाहून पैसा कसा द्यावा, हे आपल्या पूर्वजांनी ज्ञातीत राहूनच शिकून घेतले. ते शिक्षण ज्ञातीच्या उंबरठ्याबाहेर वापरावयाचेच नाही असा काही ठराव आपल्या घटनेत नाही. आम्ही ती पुन्हा वाचून पाहिली आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. टेकड्यांविषयी महापालिका हरकती आणि सूचना मागवील तेव्हा संघाच्या वतीने एक निवेदन जावे. त्यात टेकडी मोकळी ठेवण्याची मागणी असावी आणि त्याच कागदावर मोबदल्यासाठी थोडा जादा मालमत्ता कर सोसण्याची आपली तयारीही लिहिलेली असावी. मसुदा करण्यासाठी चार जणांची समिती नेमावी; त्यांपैकी दोन भूखंडधारक असावेत आणि दोन रोज सकाळी टेकडीवर जाणारे.

आणि त्या मसुद्यावर सह्या करण्यापूर्वी सर्वांनी एकदा तेथे चालून यावे. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेसहा वाजता, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी जमावे असे आम्ही सुचवितो. कुटुंबासह यावे, शेजाऱ्यांनाही आणावे. त्यांची ज्ञात विचारू नये. ज्यांच्याजवळ सायकली आहेत त्यांनी त्या पायथ्याशी ठेवाव्यात, कारण टेकडीवरच्या वाटा चालणाऱ्यांच्या आहेत. चहाची व्यवस्था उतरल्यावर केली जाईल. पाणी मात्र प्रत्येकाने आपापले आणावे, आणि रिकाम्या बाटल्या परत न्याव्यात.