यकृत निकामी होताना रक्त काय सांगते
औषधांमुळे यकृत अचानक निकामी होते, तेव्हा रुग्ण वाचेल का याचा अंदाज मुख्यतः रक्ततपासणीवरून बांधला जातो. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांत पॅरासिटामॉलचा अतिडोस हे प्रमुख कारण. भारतात क्षयरोगाच्या गोळ्या.

रिपोर्ट हाती आला की नातेवाइकांची नजर आधी एसजीपीटीवर, म्हणजे नष्ट होणाऱ्या यकृतपेशींतून रक्तात उतरणाऱ्या विकरावर जाते. हजारांत गेलेला आकडा झपाट्याने उतरला की हायसे वाटते. पण नष्ट व्हायला पेशीच उरल्या नाहीत, तरी तो उतरतोच. खरी मेख रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणाऱ्या पीटी-आयएनआरमध्ये आहे. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृत बनवते आणि त्यांतला सातवा घटक काही तासच टिकतो. त्यामुळे निर्मिती थांबली की आयएनआर लगेच चढतो. निरोगी माणसात तो १च्या आसपास असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाच्या १९८९च्या निकषांनुसार, पॅरासिटामॉल सोडून इतर कारणांत ६.५च्या वरचा आयएनआर एकटाच धोक्याचा ठरतो. प्लाझ्मा चढवल्यावर मात्र हा आकडा दिशाभूल करतो.

बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि लॅक्टेटही पाहतात. दिल्लीच्या एम्समधील २००६च्या अभ्यासात, दाखल होताना धमनीतल्या रक्तात अमोनिया लिटरमागे १२४ मायक्रोमोल किंवा जास्त असलेल्यांत मृत्यू अधिक आढळले. हा नमुना बर्फात ठेवून ताबडतोब तपासावा लागतो. म्हणून वडूज किंवा जतहून नमुना धाडण्यापेक्षा रुग्णालाच कराड-मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात हलवणे बरे. आयएनआर चढत असताना गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर पुण्या-मुंबईच्या प्रत्यारोपण केंद्राशी त्याच दिवशी संपर्क साधला जातो.